चौदा नंबरची सही

आमच्या गल्लीत लेकराचा पहिला पासपोर्ट काढायचा असला की लोक फॉर्म घेऊन चौदा नंबरचं दार वाजवतात. नात्यात नसलेल्या एका माणसाने सही करून सांगावं लागतं, की फोटोतलं मूल हेच आणि ज्या आईने किंवा बापाने अर्ज केलाय तिला किंवा त्याला मी किमान दोन वर्षं ओळखतो. ही सही कुणाचीही चालत नाही. सरकारने धंद्यांची यादी दिलेली आहे. तीत शिक्षक आहेत, पाद्री आहेत, पबचा मालक आहे, प्रेतं पुरणारा आहे आणि पाय तपासणाराही आहे. मिसेस ॲव्हरिल स्टेदर्स या यादीत पायांमुळे बसतात. एकतीस वर्षं त्या हेसल रोडच्या दवाखान्यात बसून लोकांची कुरूपं आणि मांसात रुतलेली नखं काढत होत्या. त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका मासळीच्या कारखान्यातल्या, दिवसभर बर्फाच्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या. "चेहरा विसरेन मी," त्या म्हणतात, "टाच नाही विसरत."

आता त्या शहात्तर वर्षांच्या आहेत. बारीक, ताठ, उन्हाळ्यातही लोकरीचा स्वेटर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. देशाबाहेर त्या कधी गेलेल्या नाहीत. तरी त्यांचा पासपोर्ट कायम चालू असतो. आतापर्यंत तीनदा नवा केलाय आणि तिन्हीवर एकही शिक्का नाही. सही करणाऱ्याचा स्वतःचा पासपोर्ट चालू असावा लागतो, एवढ्यासाठी त्या सरकारला दर दहा वर्षांनी फी भरतात.

हे सगळं मला गल्लीत ऐकून माहीत होतं. त्यांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा शिरले ती यंदाच्या एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला, माझ्या तान्ह्या नेलला कडेवर घेऊन.

झालं होतं असं. माझा नवरा कार्ल समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करतो. दोन आठवडे बोटीवर, दोन आठवडे घरी. आमचा मुलगा एडी सहा वर्षांचा झाला तेव्हा कार्ल समुद्रात होता, नाताळला समुद्रात होता, शाळेच्या नाटकात एडी उंट झाला तेव्हाही समुद्रात. यंदा पहिल्यांदाच मे अखेरची शाळेची सुट्टी आणि कार्लचे घरचे दिवस एकत्र आले. म्हणून आम्ही ठरवलं, रॉटरडॅम. शुक्रवारी चोवीस तारखेला संध्याकाळी आमच्या इथल्याच हल बंदरातून बोटीत बसायचं, सकाळी तिकडे उतरायचं, दोन रात्री शहरात, सोमवारी रात्री परत बोटीत. विमान नाही, बाबागाडी उघडी ठेवता येते, बोटीवर चक्क पलंग असतात. एडीने वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आमचा बाबा या वेळी आम्हाला घेऊन समुद्रात जाणार.

मी आठ महिन्यांच्या नेलसाठी पाच पानांची यादी केली होती. किती डायपर, कुठली औषधं, हॉटेलात पाळणा मिळेल का, ट्राममध्ये बाबागाडी चढते का, पाऊस पडला तर कुठलं संग्रहालय, तिथे दूध पाजायला जागा आहे का. एकच गोष्ट कार्लवर सोडली होती: नेलच्या पासपोर्टचं बघ. कार्लने आपल्या आईला विचारलं. पॉलीनने सांगितलं, "अरे, तान्ही मुलं आईच्या पासपोर्टवर जातात. तू नाही का माझ्यावर हॉलंडला गेलास?" गेला होता. एकोणीसशे शहाऐंशीत. ती पद्धत बंद होऊन पंचवीसहून जास्त वर्षं झालीत. अठ्ठावीस एप्रिलला मी बोटीच्या कंपनीला नावं कळवायला बसले. पासपोर्टच्या नंबराचे चार रकाने. तीन भरले. चौथ्यावर बोट थांबलं.

नेहमीच्या अर्जाला तीन आठवडे लागतात, कधी जास्त. माझ्याकडे सव्वीस दिवस होते. त्याच दुपारी फोटो काढला. नेलला पांढऱ्या चादरीवर झोपवलं आणि वर खुर्चीवर उभी राहिले. तिचं डोकं धरणारा हात फोटोत येऊन चालत नाही, सावली चालत नाही, चोखणी चालत नाही. एडी शेजारी बसून तोंडाने पादण्याचे आवाज काढत होता, म्हणजे ती वर बघेल. बारावा फोटो जमला. तो घेऊन मी चौदा नंबरला गेले.

मिसेस स्टेदर्सनी चष्मा लावला. फोटो नेलच्या गालाजवळ धरला. नेलने तो ओढला.

"हीच आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. "तू कधी आलीस गल्लीत?"

"दोन वर्षं झाली."

"झाली नाहीत. बारा मे, गुरुवार. तुमच्या सामानाची गाडी माझ्या दारात तीन तास उभी होती. मला गुडघा दाखवायला दवाखान्यात जायचं होतं आणि टॅक्सीला वळायला जागा नव्हती."

"म्हणजे चौदा दिवस कमी," मी हसत म्हटलं.

"चौदा दिवस कमी," त्या न हसता म्हणाल्या आणि पेनला टोपण लावलं. "बाराला ये. रविवार आहे, मी घरीच असते."

मी सगळं सांगितलं. कार्ल, नाताळ, उंट, बोट. दुसरं कुणी नाही का, त्यांनी विचारलं. नव्हतं. माझं माहेर दूर कॉर्नवॉलला, यादीत बसणारं आणि मला दोन वर्षं ओळखणारं इथे कुणी नाही. एडीच्या वेळी आम्ही लीड्सला होतो, ज्या बाईने सही केली ती आता न्यूझीलंडला गेलीय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "पोरी, फॉर्मवर 'जवळजवळ दोन वर्षं' असा रकाना नाही."

घरी पॉलीन येऊन बसली होती. एडीला टोस्ट देत होती. "काय म्हातारी आहे! राणीची वंशज असल्यासारखी! तू असं कर, ट्रेव्हरकडे जा. पबवाला आहे, यादीत बसतो. एका बिअरवर तो घोड्याचाही पासपोर्ट करून देईल."

"ट्रेव्हर मला ओळखत नाही, पॉलीन."

"तोंड तर पाहिलंय ना त्याने तुझं? नाहीतर नेलला माझ्याकडे ठेवा चार दिवस."

"ती अजून अंगावर पिते."

"मग काय, मी वाईट सासू," पॉलीन म्हणाली आणि टोस्टच्या कडा स्वतः खाल्ल्या. तिला मनातून लागलं होतं. आपल्या एका वाक्यामुळे हे झालं हे तिला कळत होतं आणि तोंडाने कबूल करवत नव्हतं.

एडी म्हणाला, "नेल येणार नसेल तर मी पण नाही जाणार. मी तिच्याजवळ राहतो. बाबाला एकट्याला पाठवा." आणि टेबलाखाली जाऊन बसला.

मी खरंच ट्रेव्हरकडे निघाले होते. दुसऱ्या दिवशी एडीला शाळेत सोडून, बाबागाडी घेऊन. वाटेत मिसेस स्टेदर्स दारातल्या पायरीवर कचऱ्याचा डबा पुसत होत्या. रात्रभर झोप नव्हती, माझ्या तोंडून निघून गेलं. "तुम्हाला कष्ट नकोत. ट्रेव्हर करून देतोय. त्याला तारखा पाठ नसतात."

त्यांनी फडकं पिळलं. "आत ये," म्हणाल्या. "गाडी आत घे, बाहेर वारा आहे."

त्यांच्या फ्रिजवर तसूभर जागा रिकामी नाही. सगळीकडे चुंबकं चिकटवलेली. लिस्बनची ट्राम, क्राकोवचा ड्रॅगन, प्रागचं घड्याळ, कुठली कुठली चर्चं. मी बघतेय हे त्यांनी बघितलं.

"सहीचे मी पैसे घेत नाही. वाइन घेत नाही. परत आल्यावर एक चुंबक आणायचं, आणि ते मुलाने स्वतःच्या हाताने मला द्यायचं. लोकांना वाटतं, म्हातारीला खेळण्यांचा नाद आहे."

मग त्यांनी किटली लावली आणि माझ्याकडे पाठ करून सांगितलं. एक्याण्णव साल. गल्लीच्या त्या टोकाला कीथ नावाचा माणूस राहायचा, मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाकी. बायको मॅरियन कारखान्यात मासे चिरायची. जीनेट नावाची चार वर्षांची मुलगी. तेव्हा मुलांची नावं आईबापाच्या पासपोर्टवर चढवत. कीथ फॉर्म घेऊन आला. मॅरियनला सांगू नका, तिला आठवडाभर स्पेनला नेऊन चकित करायचंय, म्हणाला. मिसेस स्टेदर्स त्याला दीड वर्षं ओळखत होत्या. हसरा माणूस, शनिवारी ताजा हॅडॉक मासा आणून द्यायचा. त्यांनी दोन वर्षं लिहिलं आणि सही केली.

"मॅरियन कामावर असताना तो मुलीला घेऊन गेला. चौदा महिने. शेवटी मालागाजवळ सापडली. पोरगी तिथल्या बायकांकडे सांभाळायला होती; आईशी बोलेना, तिला आईची भाषा आठवत नव्हती."

मी नेलला गाडीतून उचलून घेतलं. ती झोपली होती, तरी उचललं.

"आणि मॅरियन दर सहा आठवड्यांनी दवाखान्यात येत राहिली. दुसरीकडे कुठे जाणार? पाय तर दुखतच होते. त्या चौदा महिन्यांत तिचं पाऊल दहा-बारा वेळा माझ्या मांडीवर होतं. एकदाही बोलली नाही त्याबद्दल. मला वाटायचं, लाथ तरी मार. नाही मारली." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "आता जा ट्रेव्हरकडे. मी अडवत नाही. पण माझ्याकडे यायचं असेल तर बाराला ये. आणि तोवर डरहॅमच्या पासपोर्ट कचेरीची वेळ ठरवून ठेव. जास्त फी घेऊन आठवड्यात देतात. तेराची वेळ मिळाली तर वीसपर्यंत हातात येईल. मी बऱ्याच लोकांना पाठवलंय."

मी ट्रेव्हरकडे गेले नाही. घरी येऊन डरहॅमची तेरा मे, सोमवार, सकाळी अकराची वेळ घेतली. त्याच्या आधीची किंवा नंतरची एकही जवळची वेळ शिल्लक नव्हती. म्हणजे रविवारी सही झालीच पाहिजे होती.

शनिवारी मिसेस स्टेदर्स दारात आल्या. आत आल्या नाहीत. "एक राहिलं सांगायचं. दोघांपैकी एकच समोर असेल तर दुसऱ्याशी मी स्वतः बोलते. तुझा नवरा कुठाय?"

"समुद्रात. गुरुवारी येईल."

"मग उद्या त्याला फोन करायला सांग. माझ्या घरच्या फोनवर. तू लावून माझ्या हातात द्यायचा नाही."

"त्याच्या बोटीवर धड रेंज नसते, मिसेस स्टेदर्स!"

"आहे तेवढ्यात करू दे."

रविवारी चार वाजता कामावरून सुटला की करतो, असा कार्लचा निरोप आला. पावणेचारला मी दोन्ही मुलांना घेऊन चौदा नंबरला गेले. टेबलावर फॉर्म, फोटो, त्यांचा पासपोर्ट, काळं पेन. फोन भिंतीला लावलेला, जुना, गोल वायरीचा. चार वाजले. सव्वाचार. एडीने चार बिस्किटं खाल्ली आणि विचारलं, "हा फोन मेलेला आहे का?" मिसेस स्टेदर्सनी रिसीव्हर उचलून त्याच्या कानाला लावला. "वाजतोय ना आतमध्ये?" "हो." "मग जिवंत आहे."

पाच वाजले. बाहेर वारा वाढला होता. वारा वाढला की त्यांना पवनचक्कीवरून बोटीत उतरता येत नाही, वरच थांबावं लागतं. हे मला माहीत होतं आणि माहीत नसतं तर बरं झालं असतं. आता दोन भीती होत्या. एक सहीची, ती बोलून दाखवता येत होती; दुसरी कार्लची, ती नाही. नेल किरकिरायला लागली. मी तिला पाजलं. मिसेस स्टेदर्सनी खिडकीकडे तोंड करून बटाटे सोलले.

सहाला मी म्हटलं, "त्याचा निरोप दाखवू का तुम्हाला? त्याने लिहिलंय की त्याला चालतं."

"लिहिलेलं मी एकदा पाहिलंय, पोरी. कीथच्या फॉर्मवर."

त्यांनी अंडी तळली, बटाटे तळले, त्यावर इथला लाल मसाला भुरभुरवला आणि एडीपुढे ताटली ठेवली. साडेसहा. सात. मनात मी सोमवारची वेळ सोडून दिली होती, हॉटेल सोडून दिलं होतं, गुरुवारी कार्ल दारात आल्यावर त्याला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. त्यात पहिलं वाक्य त्याच्या आईबद्दल होतं.

सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. एडीच्या हातातून काटा पडला. मिसेस स्टेदर्सनी हात पुसले, तिसरी रिंग होऊ दिली, मग उचलला. फोनमधला कार्लचा आवाज माझ्यापर्यंत येत होता, मागे वाऱ्याचा घोंगाट.

"कार्ल ब्लँचर्ड? मी चौदा नंबर. मुलीचा जन्म कधीचा?"

"ऑगस्ट! अठ्ठावीस ऑगस्ट! आत्ताच खाली उतरलोय हो, तीन तास वर लटकलो होतो!"

"बायको मुलीचा पासपोर्ट काढतेय हे तुला माहीत आहे?"

"माहीत आहे की! घेऊन जाऊ दे तिला सगळ्यांना, मला जरा झोप मिळेल!"

मिसेस स्टेदर्सनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. टक् असा आवाज झाला. मी उठून फोनकडे गेले, त्यांनी हात आडवा केला.

"कार्ल," त्या म्हणाल्या, "मी थट्टा करत नाहीये. नीट बोल. सगळं तुझ्या तोंडून सांग."

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मला वाटलं, गेला फोन. मग कार्लचा आवाज आला, हळू, शाळेत उभं केल्यासारखा. "माझी बायको लीॲन आमच्या नेलचा पासपोर्ट काढतेय. मला माहीत आहे. मलाही हवाय. चोवीसला आम्ही चौघं जातोय."

"आणि?"

"आणि काय?"

"परत कधी?"

"अठ्ठावीसला सकाळी. चौघं."

"पुन्हा म्हण."

"अठ्ठावीसला सकाळी चौघं परत येतोय, मिसेस स्टेदर्स."

त्यांनी फोन ठेवला. बसल्या. फोटो उलटा केला आणि त्यामागे नेलचं पूर्ण नाव लिहून, ही तिची खरी प्रतिमा आहे, असं सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं. सही केली. दोन वर्षांच्या रकान्यात दोन लिहिलं. शाई वाळेपर्यंत फोटो हातात धरून ठेवला. मी आभार मानायला लागले तर म्हणाल्या, "जा, मुलं झोपेला आलीत. आणि डरहॅमला गाडी स्टेशनच्या बाजूला लाव, वरती जागा मिळत नाही."

सोमवारी काम झालं. खिडकीतल्या माणसाने फोटो उलटून अक्षर बघितलं आणि म्हणाला, "यांना आम्ही ओळखतो." आठवड्यात येईल, म्हणाला. मग मी रोज दारातल्या पोस्टाच्या फटीकडे बघत बसले. मंगळवार, बुधवार.

गुरुवारी दुपारी कार्ल घरी आला. दाढी वाढलेली, अंगाला डिझेलचा वास. एडी त्याच्या पायावर बसला होता, नेलला त्याची ओळखच पटेना, ती ओठ काढत होती. तेवढ्यात दार वाजलं. मिसेस स्टेदर्स, स्वेटरवर कोट घालून. आमच्या घरात त्या कधी आल्या नव्हत्या.

"या ना आत," कार्ल म्हणाला. "चहा?"

"नको. मुलीला घे जरा."

कार्लने माझ्याकडे बघितलं. मी नेल त्याच्या हातात दिली. ती एक क्षण रडायच्या बेतात होती, मग तिने त्याची दाढी दोन्ही हातांनी पकडली आणि तोंडात घालायचा प्रयत्न केला. मिसेस स्टेदर्स उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. बराच वेळ.

"बरं," त्या म्हणाल्या.

"काय झालं?" कार्लने विचारलं.

"मी नुसत्या आवाजावर सही केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रविवारपासून झोपले नाही." त्यांनी कोटाचं बटण लावलं. "आज तू दिसला नसतास तर उद्या सकाळी डरहॅमला फोन करून सही मागे घेणार होते. तुझ्या बायकोला हे सांगून ठेवते, मागून कळायला नको."

मला राग यायला हवा होता. त्या खाली उतरून गेल्या, पायरी पायरी, उजवा गुडघा जपत, आणि मी दारात उभी राहून त्या चौदा नंबरात शिरेपर्यंत बघत राहिले. चार दिवस मी फक्त पोस्टाच्या फटीची काळजी करत होते. रस्त्यापलीकडे त्या चार दिवस माझी काळजी करत होत्या, मी कोण आहे याची.

"भारी आहे म्हातारी," कार्ल म्हणाला. "मला वाटलं, अटक करायला आली."

"तू फोनवर थट्टा केलीस," मी म्हटलं. "तुला माहीतही नाही काय होणार होतं." आणि मग त्याला जीनेटची गोष्ट सांगितली. तो नेलला खांद्यावर घेऊन घरभर फिरत राहिला.

पासपोर्ट या सोमवारी आला, दुपारी पावणेचारला. पाकीट एडीने फोडलं. पॉलीनने फोटो बघितला, "अगदी कार्लवर गेलीय," म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन नाक शिंकरून आली.

उद्या संध्याकाळी बोट आहे. पिशव्या दाराशी लावल्यात, बाबागाडीची चाकं तपासलीत, हॉटेलला पाळण्याचं परत एकदा विचारलंय. एडी बुटांसकट झोपलाय. चारही पासपोर्ट एका पाकिटात, पाकीट माझ्या कोटाच्या आतल्या खिशात. कार्ल वरून हाक मारतोय, बास आता, झोपायला ये. येते म्हणाले. एकदा पाकीट काढून पुन्हा चार मोजते आणि येते.